सावलीतली जागा

सुरेखानं रस्त्यावर बसून भाजी विकायची नाही, हे तिच्या नवऱ्यानं, सोमनाथनं ठरवलं ते त्यांच्या लेकीला, श्रेयाला बघायला आलेल्या पाहुण्यांमुळं. पाहुणे कन्नडचे, पोरगा साखर कारखान्यात कारकून. पोहे झाले, चहा झाला, आणि बशी खाली ठेवता ठेवता पोराच्या चुलत्यानं विचारलं, "मुलीच्या आई संभाजीनगरला रोडवर बसत्यात म्हणं, भाजी घिऊन?"

विचारलं साधंच. पण सोमनाथचं तोंड उतरलं. "बसायची आधी. आता नाय," असं म्हणून तो उगाच हसला. आत कपबश्या विसळत असलेल्या सुरेखाला कळलं, की आपलं बसणं ह्याच घडीला बंद झालं. पाहुण्यांचा पुढं काही निरोप आला नाही. बसणं मात्र बंदच करायचं ठरलं.

त्याला निमित्तही आयतं मिळालं. गावातल्या आप्पासाहेबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कंपनीचं काम सुरू झालं. शहरातले लोक फोनवर भाजी मागवतात, कंपनीची पोरं ती गाडीवरून घरपोच देतात, आणि ती भाजी आता थेट वावरातून जाणार, असं आप्पासाहेबांचा पोरगा सत्यम घरोघर सांगत फिरला. अंगात कंपनीचा हिरवा टीशर्ट, गळ्यात ओळखपत्र. भावकीतलाच पोरगा, सुरेखाला काकू म्हणायचा. त्यानं ओट्यावर निळ्या क्रेटची थप्पी लावली आणि म्हणाला, "काकू, आता काळी-पिवळी जिपात कोंबून जायचं काम नाय. तुमी फक्त तोडा आन शेडवर आना. पैसे काकाच्या खात्यात."

"माझ्या खात्यात नाय व्हनार?" सुरेखानं विचारलं.

"वावर काकाच्या नावावर हाये ना."

सोमनाथ म्हणाला, "येकाच घरात हायेत की पैसे."

क्रांती चौकापासून थोडं आत, एका कॉलनीच्या तोंडाशी एक जुनी दगडी भिंत होती, आणि भिंतीमागून एक कडुलिंब रस्त्यावर झुकलेला होता. सुरेखा लग्न होऊन आली तेव्हापासून त्या सावलीत बसत आली. आधी सासूबरोबर, मग एकटी. तिच्या पलीकडं, जिथं सावली संपून नालीचा वास सुरू होई, तिथं पारूबाई बसायची. पारूबाई शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यातली. तिचं थोडं घरचं असे, थोडं मोंढ्यातल्या घाऊक बाजारातून उचललेलं. दोघी एकाच जीपनं येत, एकमेकींच्या पाट्या उतरवू लागत, एकीला उठावं लागलं तर दुसरी दोन्हीकडची गिऱ्हाइकं बघे. पारूबाई वयानं मोठी, तरी सुरेखा तिला 'पारू' म्हणायची आणि पारूबाई हिला 'वैनी' म्हणायची. ह्यात कुणाला कधी काही वाटलं नव्हतं. निदान सुरेखाला तरी नाही.

शेवटच्या दिवशी सुरेखानं वजनकाटा पिशवीत घातला, गोणपाट झटकलं आणि म्हणाली, "पारू, उद्यापासून इथं बस तू. सावली हाय."

"आन तू?"

"आमची भाजी आता कंपनीत जानार. फोनवर."

पारूबाईनं झाडाकडं बघितलं. मग म्हणाली, "परत आली तर गं वैनी? मंग मला उठवशील."

"कशाला येते मी परत?"

"बघ बरं. मी तिथली जागा सोडीन आन तिथं दुसरी कोन्ही येऊन बसंल."

"दिली म्हनलं ना? बस." सुरेखाला ते म्हणताना बरं वाटलं. आयुष्यात कुणाला द्यावं असं तिच्याजवळ फारसं काही आलं नव्हतं.

कंपनीचं काम दिसायला सोपं होतं. अंधार फिटायच्या आत वावरात जायचं, दहिवरानं भिजलेली मेथी उपटायची. हातांची बोटं गारठून लाकडासारखी होत, नखांत माती जाऊन ठणकत. पण रस्त्यावर विकायला उपटणं वेगळं आणि कंपनीसाठी वेगळं. कंपनीला मुळं नकोत, देठ वीतभरच हवा, पिवळं पान एकही नको, जुडीला रबर पाहिजे, सुतळी चालत नाही. पाणी तर अजिबात मारायचं नाही. सुरेखानं जन्मभर मेथीवर ओलं फडकं टाकलं होतं. आता ती कोरडी मेथी क्रेटमध्ये रचायची तेव्हा आपण कुणाचं तरी लेकरू उपाशी निजवतो आहोत, असं तिला वाटे.

सासू साळूबाई ओट्यावर बसून पिवळी पानं वेचू लागायची. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्यानं दिसेल तेवढं बघायची. "येवढं निवडून तर आपुन पाहुन्यालाबी वाढीत नाय," ती म्हणायची.

शेडवर टेबल मांडलेलं असे. सत्यम एकेक जुडी उचलायचा, उलटी करायचा, खाली-वर बघायचा. बरी ती क्रेटमध्ये, नको ती जमिनीवर. जमिनीवर टाकताना तो सुरेखाकडं बघायचा नाही. तिला वाकून ती गोळा करावी लागे. सगळ्या गावाच्या बाया तिथं रांगेत उभ्या असत, आणि जिची जास्त खाली पडे ती जास्त वेळ वाकलेली दिसे.

"ह्या जुडीला काय झालं रं?" एकदा तिनं विचारलं.

"पानाला भोक हाय, काकू."

"आळीनं खाल्लं. आळी खाती म्हंजी औषीद मारलं नाय."

"ते मला कळतंय, काकू. कंपनीला नाय कळत."

टाकलेली भाजी घेऊन परत यायचं, तोवर शहराकडं जाणाऱ्या जिपा निघून गेलेल्या. मग ती मेथी म्हशीपुढं. म्हैसही पहिले काही दिवस खुशीनं खायची, नंतर नुसती हुंगायची.

एक दिवस कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन वावरात आला. त्यानं सगळ्या शेतकऱ्यांचे फोटो घेतले. सोमनाथ ठेवणीतला पांढरा सदरा घालून आला, मेथीची जुडी छातीशी धरून उभा राहिला. सुरेखा मागं क्रेट घेऊन वाकलेली होती. फोटोवाला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा," आणि ती बाजूला झाली.

साळूबाईच्या डोळ्याची पट्टी सोडवायला सुरेखा तिला घेऊन शहरात गेली, तेव्हा येताना कॉलनीवरून आली. म्हातारीला दम लागला होता. साऱ्या रस्त्यानं ती "पानी, पानी" करत होती. कडुलिंबाखाली पारूबाई बसलेली. तिनं ह्या दोघींना बघितलं आणि हसून उठलीच. स्वतःचं गोणपाट पुढं ओढलं. "बसा मावशी. सावलीत बसा." पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून पुढं केली.

साळूबाईनं बाटलीकडं बघितलं. "नको बाई," ती म्हणाली. "तहान नाय मला."

पारूबाईनं झाकण परत लावलं. सुरेखानं तेवढ्यात रस्त्यावरून चाललेल्या रिक्षाकडं बघितलं, जणू त्या रिक्षात कुणी ओळखीचं होतं. मग "बस हितंच," असं सासूला सांगून ती समोरच्या बिल्डिंगमध्ये शेळकेबाईंकडं गेली.

शेळकेबाई निवृत्त मास्तरीण. सुरेखाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कंपनीचं सुरू झालं तेव्हा सुरेखानंच त्यांना सांगितलं होतं, "बाई, आता फोनवरून मागवा, माझीच भाजी येईल तुमच्याकडं." बाईंनी नातवाकडून फोनमध्ये ते घालून घेतलं होतं. आज त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं. ह्याआधी ती कायम दारात बसायची.

"बरी वेळेवर आलीस. आत्ताच मागवलंय. बघ तरी कसं येतं ते."

थोड्या वेळानं घंटी वाजली. दारातल्या माणसानं पिशवी दिली आणि तो जिना धावतच उतरला. शेळकेबाईंनी पिशवीतून वस्तू टेबलावर मांडल्या: साखर, साबण, टोमॅटो, आणि एका चकचकीत पाकिटात मेथी. पाकिटावर फोटो होता. पांढरा सदरा, छातीशी जुडी. खाली लिहिलेलं, 'आमचे शेतकरी श्री. सोमनाथ'.

"अगं, हा तर तुझा नवरा!" शेळकेबाई हरखून म्हणाल्या.

सुरेखानं पाकीट हातात घेतलं. सोमनाथ छान दिसत होता. त्याच्या खांद्यामागं निळ्या क्रेटचा एक कोपरा दिसत होता, आणि क्रेट धरलेली चार बोटं. ती बोटं कुणाची, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

शेळकेबाईंनी पाकीट फोडलं. आतून कुबट वाफ आली. वरची पानं हिरवी, आतली काळी पडून एकमेकांना चिकटलेली. कोरडी भरलेली मेथी, कुठल्या गोदामात किती पडून राहिली असेल कुणास ठाऊक, प्लॅस्टिकमध्ये घामेजून कुजली होती.

"शी! ही काय गं मेथी?" शेळकेबाईंनी नाक आक्रसलं. "पण काही काळजी नाही. इथं तक्रार करायची सोय आहे. फोटो काढायचा, बटण दाबायचं, पैसे परत." त्यांनी कुजक्या मेथीचा फोटो काढला, चष्मा वर करून बटण दाबलं. "झालं. किती सोपं आहे बघ."

सुरेखाच्या तोंडापर्यंत आलं होतं, की बाई, ही आमच्याकडून निघाली तेव्हा अशी नव्हती. पण सोफ्यावर बसून ते सांगावं कसं, हे तिला कळेना. दारात असती तर सांगितलं असतं. निघताना तिनं रिकामं पाकीट मागून घेतलं. सोमनाथनं ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. आल्यागेल्याला तो दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी शेडवर सत्यमनं तिचा एकही क्रेट उचलला नाही.

"तुमच्या नावावर तक्रार पडलीय, काकू. आठ दिवस माल बंद."

"मी व्हते रं तिथं. माझ्या डोळ्यादेखत फोडलं पाकीट. तुमच्या गोदामात सडली ती."

"पाकिटावर नाव तर काकाचंच ना."

नंतर आभाळ आलं. ऐन हिवाळ्यात सूर्य दिसेना, सकाळी धुई पडायची ती दुपारपर्यंत उठत नव्हती. कोथिंबिरीवर मावा पडला, मेथीची पानं डागाळली. माल पुन्हा घ्यायला लागले तरी अर्ध्याहून जास्त जमिनीवर पडू लागला. सोमनाथ घरात बसून ओरडायचा, "नीट निवडीत नाय तुमी." वाकून वाकून सुरेखाची कंबर अशी धरली होती, की चुलीपुढून उठताना तिला भिंतीला हात लावावा लागे.

आणि एका सकाळी शेडला कुलूप होतं.

बाया क्रेट डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. थोड्या वेळानं सत्यम आला, साध्या शर्टात. "मलाबी मेसेजच आला," तो म्हणाला. "कंपनीनं शहरातलं काम बंद केलं. परवडंना म्हणं त्यास्नी."

"आन हा माल?" कुणीतरी विचारलं.

सत्यमनं खांदे उडवले. आप्पासाहेब बंगल्याच्या ओट्यावर उभे होते. ते म्हणाले, "क्रेट तेवढे परत करा रे. मोजून घेणारेत."

बायांनी तिथंच, मातीत, भाजी रिकामी केली. सुरेखानं डोक्याचा टॉवेल अंथरला, मग चुंबळीचं जुनं लुगडं उलगडून अंथरलं, आणि मेथीचं गाठोडं बांधलं. घरी सांगायलाही ती गेली नाही. शेवटची काळी-पिवळी फाट्यावर उभी होती. तिनं गाठोडं टपावर टाकलं.

कॉलनीत पोचली तोवर ऊन चढलेलं. आभाळ नेमकं त्याच दिवशी निवळलं होतं. कडुलिंबाखाली पारूबाई मांडून बसलेली, पुढं वांगी, मिरच्या, काकड्या, सगळं ओल्या फडक्यावर नीट रचलेलं. आणि नालीकडच्या जागेपाशी कुणीच नव्हतं. तिथं कचऱ्याचा ढीग होता.

"आलीस वैनी? आज कशी काय?"

सुरेखाच्या डोक्यावरून घाम गळत होता. तिनं गाठोडं सावलीच्या कडेला आदळलं. "सरक जरा."

पारूबाईनं काकड्यांचा ढीग आवरून गोणपाट ओढून घेतलं. एक माणूस बसेल एवढी सावली मोकळी झाली. सुरेखा बसली नाही.

"आसं नाय. तू तुपल्या जागी जा."

"कंची मपली जागा?"

"तिकडची. नालीकडची."

पारूबाई हसली नाही, रागावलीही नाही. "वैनी, तू दिली व्हती ही. मी तुला इचारलं व्हतं."

"दिली व्हती म्हंजी काय जन्माची दिली?"

"मंग आर्धी घे ना. बस लगत. दोघी बसू." तिनं हातानं गोणपाटावरची जागा झाडली. "पर मी आता उठत नाय. इतक्या सालांत मपल्या डोक्यावर पहिल्यांदा सावली आली."

सुरेखाच्या डोळ्यांपुढं शेडची रांग होती, जमिनीवर पडलेल्या जुड्या, बाजूला व्हा म्हणणारा फोटोवाला, आणि आप्पासाहेबांचा क्रेट परत करा म्हणणारा आवाज. त्यातल्या कुणालाच तिनं उलट शब्द ऐकवला नव्हता. तो सगळा साठा आता तोंडाशी आला.

"जरा जवळ केलं की डोक्यावर बसता तुमी लोक," ती म्हणाली. "मानसानं पायरीनं ऱ्हावं."

पलीकडं फळवाला होता. त्याचा हात पपईवर थांबला.

पारूबाईनं तिच्याकडं वर बघितलं. "म्हन," ती म्हणाली. "पुरं म्हन की, सुरेखा. आर्धं कशाला ठेवती?"

सुरेखानं गाठोड्याला हात घातला. एकटीला उचलेना, कमरेत कळ आली, तसं फरफटत ओढलं. कचरा पायानं बाजूला सारला आणि नालीच्या कडेला, उन्हात, ती मेथी सोडून बसली. मागं वळून बघितलं तर गोणपाटाचा झाडलेला अर्धा भाग तसाच मोकळा होता. संध्याकाळपर्यंत तो मोकळाच राहिला.

नंतर रोजच ती तिथं बसू लागली. सोमनाथनं दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि मग गप्प झाला, कारण घरात मीठ-मिरची आणायला रोकड लागत होती. शेळकेबाई एका सकाळी खाली आल्या. सुरेखाला बघून थबकल्या. "अगं, तू परत आलीस होय? बरं झालं." आणि बोलता बोलता त्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पारूबाईकडून मेथी घेतली. "उन्हात उभं राहवत नाही गं मला आता," त्या सुरेखाला म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

जाता-येता जीपमध्ये दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसत. दुसरी जागाच नसे. खड्डा आला की एकमेकींवर आदळत. पारूबाई बाहेर बघायची.

शेवटी एक दिवस बाजाराला मंदी होती तेव्हा सुरेखा उठून भिंतीकडं गेली. सावलीच्या बाहेरच उभी राहिली.

"पारूबाई," ती म्हणाली. "तवा माझं डोकं जाग्यावर नव्हतं. तोंडातून निसटलं."

पारूबाई मिरच्यांची देठं बघून बघून सडकी बाजूला काढत होती. तिनं हात थांबवला नाही.

"निसटलं नाय ते. आत व्हतं, म्हनून भाईर आलं. तुझी सासू म्हातारी, तिचं मी धरत नाय. पर मी बाटलीचं झाकन लावलं तवा तू रिक्षाकडं बघितलं. तवाच मला कळाया पायजे व्हतं."

सुरेखाला वाटलं होतं ते कुणी बघितलं नाही.

"मंग मी काय करू आता? पाया पडू का?"

"नको. पाया पडून काय व्हतंय? रागच आला आस्ता तर भांडले आस्ते मी, आन दुसऱ्या दिशी इसरले आस्ते." पारूबाईनं निवडलेली मिरची फडक्यावर पसरली. "इतकी सालं लगालग बसलो, मला वाटलं ह्या बाईच्या आत नसंल. ते जे वाटलं व्हतं ना, ते आता परत वाटंना. त्येला मी तरी काय करू?"

तिच्या आवाजात चीड असती तर सुरेखाला सोपं गेलं असतं. ऊन मानेवर आलं होतं.

"जा," पारूबाई म्हणाली. "मेथी सुकाया लागली तुझी."

सुरेखा आपल्या जागी येऊन बसली. कडेच्या जुड्यांनी माना टाकल्या होत्या. तिनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्यावर शिंपडलं. कॉलनीतून बाया बाहेर येत, सावलीकडं वळत, पारूबाईशी दोन शब्द बोलत, पिशवी भरून परत फिरत. नालीकडं कुणाची नजरच येत नव्हती. इथं बसायचं तर ओरडावं लागणार होतं. पारूबाई इथून कशी ओरडायची, ते सुरेखानं सावलीत बसून इतकी वर्षं ऐकलं होतं, आणि कधी कधी तिला त्या आवाजाचा त्रासही झाला होता.

एक स्कूटरवाला वळणावर हळू झाला. सुरेखानं तोंड उघडलं. आवाज आलाच नाही, नुसता घशातून वारा आला. स्कूटर गेली. तिनं पदर तोंडावरून फिरवला, पाठ ताठ केली, आणि पुढची बाई फाटकातून बाहेर पडताच ती जोरात ओरडली, "मेथी घ्या, मेथी! ताजी मेथी!"

ती बाई दचकली, तिनं एकदा नालीकडं बघितलं, नाकाला रुमाल लावला, आणि ती सावलीकडं निघून गेली.